काढलेल्या फाइली परत दिसतात

“फाइल मी काढायला लावतो आणि ती लॅबमधली बाई परत ठेवते. तुम्ही फक्त तेवढं सिद्ध करून द्या,” प्रधान साहेब म्हणाले.

“सर, मी ड्रायव्हर बघायला आलेय.”

“ड्रायव्हर खाली गाडीत आहे. काम झालं की सोडेल तुम्हाला.”

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंग-रसायनांच्या कारखान्यात, वर्क्स मॅनेजरांच्या केबिनमध्ये, माझी अशी सुरुवात झाली. नव्वदच्या दशकाचा मधला काळ. मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत सिस्टिम प्रोग्रॅमर होते. आमच्याकडे कर्नलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, हात घालू शकणारी माणसं मोजकीच होती. त्यातली डोंबिवलीत राहणारी मी एकटी. त्यामुळे माझी निवड नेमकी कोणत्या गुणावर झाली ते सांगायला नको. आमचे मालक वर्तक सर आदल्या दिवशी म्हणालेले, “शुभदा, तुझ्या घराजवळच आहे ना ते? मग उद्या परस्परच जा.” माझ्या घरापासून कारखान्यापर्यंत रिक्षावाले यायला तयार नसत इतकं ते अंतर. पण ठाण्यातून बघितलं की सगळी डोंबिवली एका ठिपक्यात मावते.

ड्रायव्हर म्हणजे काय ते आधी सांगते, कारण प्रधान साहेबांना मी ते शेवटपर्यंत सांगू शकले नाही. कारखान्याच्या मुख्य ऑफिसात एक मोठं मशीन होतं, त्याला सर्व्हर म्हणायचे. सगळ्या फाइली त्याच्या पोटात. लॅब, स्टोअर आणि प्रॉडक्शनमध्ये छोटी मशीन्स, आणि सगळ्यांना जोडणारी एक केबल. लॅबमधल्या माणसाला ऑफिसातल्या फाइली आपल्याच मशीनवर आहेत असं वाटावं, यासाठी कर्नलमध्ये एक प्रोग्रॅम बसवावा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो आमच्या कंपनीने लिहिलेला आणि वर्तक सरांनी विकलेला. विकताना सर “इंटेलिजंट” हा शब्द वापरायचे.

त्या इंटेलिजंट ड्रायव्हरविरुद्ध कारखान्याची तक्रार होती. ऑफिसातून फाइल डिलीट केली तरी लॅबच्या मशीनवर तिचं नाव दिसत राहतं. कधी तासभर, कधी दिवसभर. तक्रार पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही ठाण्याला करून बघितलं. एका मशीनवर फाइल काढली, खाली टपरीवर जाऊन चहा घेतला, वर येऊन दुसऱ्या मशीनवर बघितलं. नाव गेलेलं. वर्तक सरांनी कळवून टाकलं: सॉफ्टवेअर व्यवस्थित आहे, यूजर एरर.

हे इंग्रजी शब्द फार सोयीचे असतात. ठाण्यात सरांनी सही केली आणि डोंबिवलीत एक माणूस अडकलं. त्या मशीनवरची यूजर म्हणजे लॅबमधली केमिस्ट, हेमलता तरे. प्रधान साहेबांनी तिला मेमो दिला की कार्यालयीन फाइलींमध्ये हस्तक्षेप केल्याबद्दल नोकरीवरून का काढू नये, याचा खुलासा करावा.

मी लॅबमध्ये गेले तेव्हा ती मशीनपासून लांब, हात मागे बांधून उभी होती. तिशीच्या आतली, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, बीएस्सी झालेली.

“तुम्हीच का त्या ठाण्याच्या कंपनीच्या मॅडम?” तिने विचारलं.

“हो.”

“म्हणजे यूजर एरर म्हणणाऱ्या.”

“ते सरांनी म्हटलं.”

“मग सर का नाही आले?”

“ते डोंबिवलीत राहत नाहीत.”

ती हसली नाही. मीच एक खुर्ची ओढली आणि कामाला लागले. ऑफिसात कॉम्प्युटर बघणारा जाधव नावाचा एक मुलगा होता. नुकतंच लग्न झालेला, आज्ञाधारक. मी लॅबमध्येच एक बिनकामाची फाइल बनवली. यादीत तिचं नाव दिसलं. मग जाधवला इंटरकॉमवरून सांगितलं, आता ती काढ. प्रधान साहेबांना मुद्दाम शेजारी उभं केलं. हेमलता खिडकीपाशी. मी यादी मागितली, नाव तिथेच. परत मागितली, तिथेच. फाइल उघडायला गेले तर स्क्रीनवर एरर आला, स्टेल फाइल हँडल.

“हँडल? कसलं हँडल?” प्रधान.

“शिळं, सर.”

“काय शिळं?”

“या मशीनकडची माहिती. फाइल ऑफिसात खरोखर गेलेली आहे. या मशीनला ते कळलेलंच नाही. कोणीही परत ठेवलेली नाही. तरे मॅडम खिडकीत उभ्या आहेत, बघा.”

प्रधान साहेबांनी तिच्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, आणि म्हणाले, “आत्ता तुम्ही बसलात म्हणून तसं झालं.”

मॅनेजर व्हायला काय लागतं हे मला तेव्हा थोडं थोडं कळायला लागलं.

ते गेल्यावर मी हेमलताला विचारलं, “काढतात त्या फाइली असतात तरी कसल्या?”

“माझ्या. ईटीपीच्या.”

ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. पाणी नाल्यात सोडण्याआधी त्यातली घाण किती उरली ते हेमलता रोज मोजायची आणि त्या दिवसाची फाइल बनवायची. प्लांट चालवायला वीज लागते, केमिकल लागतं. म्हणून तो बरेचदा बंद असायचा. बंद असला की आकडा वाईट यायचा. वाईट आकडा आला की ऑफिसातून ती फाइल जायची.

“म्हणजे उरतात ते सगळे चांगले दिवस,” मी म्हटलं.

“आमच्या कारखान्यात वाईट दिवस नसतोच, मॅडम. नाव मात्र माझ्या मशीनवर राहतं. मग साहेब म्हणतात, ही बाई परत ठेवते.” आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखी, घरच्या बोलीत म्हणाली, “मी काय येरी हाय काय?” येरी म्हणजे वेडी.

तिचे वडील खाडीत जाळं टाकायचे. आता भाऊ रिक्षा चालवतो. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही, मी घरचं विचारलं म्हणून सांगितलं. डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला यात नवीन काहीच नव्हतं. आमच्याकडे संध्याकाळी वासावरून कोणत्या बाजूचा वारा आहे ते ओळखायचे. फक्त तो वास एका डिरेक्टरीत, म्हणजे फाइलींच्या एका कप्प्यात, बसतो आणि ती डिरेक्टरी आपल्या ड्रायव्हरमधून जाते, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला वर्तक सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सर ऐकून नेहमी घेत.

“हे बघ शुभदा, आपण फाइल पोचवतो. आत काय आहे ते बघत नाही. पोस्टमन पत्र उघडतो का?”

“पोस्टमन पत्र गिळतही नाही, सर.”

“गिळतायत ते. आपण नाही. तू बग शोध.”

बग शोधायला मी बसले. तो कळण्यासाठी कॅश म्हणजे काय ते सांगायला हवं. लॅबच्या मशीनला डिरेक्टरीतल्या नावांची यादी हवी असते. दरवेळी सर्व्हरला विचारलं तर केबलवर गर्दी होते आणि सगळं मंदावतं. म्हणून ड्रायव्हर एकदा विचारून आणलेली यादी स्वतःजवळ ठेवतो. त्या साठ्याला कॅश म्हणतात. वाण्याकडे काय काय आलंय ते सकाळी एकदा विचारायचं आणि दुपारपर्यंत त्यावर भागवायचं, तसं. पण दुपारी परत विचारायचं, हे त्यात आलं. म्हणून प्रत्येक यादीवर एक वेळ लिहिलेली असते, ही शेवटची कधी विचारली होती त्याची. ठराविक सेकंद उलटले की यादी शिळी धरायची आणि सर्व्हरला नव्याने विचारायचं.

मग ठाण्याला यादी बदलायची आणि डोंबिवलीला नाही, असं का? मी हेमलताच्या लॅबमध्ये दिवसभर काय चालतं ते आठवून बघितलं. तिच्या मशीनवर एक छोटा प्रोग्रॅम सतत चालू असायचा. नवीन रीडिंग आलं का, नवीन रीडिंग आलं का, असं तो त्याच डिरेक्टरीत डोकावून बघत राहायचा. आणि आम्ही ठाण्याला काय करत होतो? फाइल काढून चहाला जात होतो. तेवढ्या वेळात डिरेक्टरीकडे कोणी बघतच नव्हतं.

मी चहा सोडला. ठाण्याच्या मशीनवर सतत डोकावणारा तसाच प्रोग्रॅम चालवला आणि दुसऱ्या मशीनवरून फाइल काढली. नाव जागेवर. जेवून आले, तरी जागेवर. इतका आनंद मला पगारवाढीच्या पत्रानेही झाला नव्हता.

पुढचं सोपं होतं. कोडमध्ये एक ओळ सापडली. यादी कोणी वापरली की तिच्यावरची वेळ त्या ओळीने आत्ताची होत होती. सर्व्हरला विचारलं नाही तरी. म्हणजे यादी जितकी जास्त वापरावी, तितकी ती ताजी समजली जायची. सतत विचारणाऱ्याला कायम जुनं उत्तर, आणि कधीतरी विचारणाऱ्याला खरं. ओळीच्या वर कॉमेंट होती, परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट. आणि पुढे आद्याक्षरं.

मी सरांना स्क्रीनजवळ बोलावलं. त्यांनी ओळ वाचली.

“कोणी लिहिली ही?”

“आद्याक्षरं तुमची आहेत, सर.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “त्या वेळी ती बरोबर होती.”

ओळ काढली. आता दर काही सेकंदांनी ड्रायव्हर सर्व्हरला विचारू लागला, आणि डिरेक्टरी बदललेली असली की जुनी यादी फेकून नवी आणू लागला. मी खुशीत चाचणी सुरू केली आणि मशीन आडवं झालं. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा मरतो. कर्नलमधलं काही चुकलं तर अख्खं मशीन घेऊन जातं. त्याला पॅनिक म्हणतात. मशीनपेक्षा माणसांना तो शब्द जास्त लागू पडतो.

कारण शोधताना दोन दिवस गेले. एक प्रोग्रॅम यादी अर्धी वाचत असतानाच ड्रायव्हर ती दुसऱ्यासाठी फेकून देत होता. माणूस जेवत असताना त्याच्या पुढची पत्रावळ ओढली तर काय होईल, तेच. मग नियम बदलला. यादी शिळी झाली की तिच्यावर खूण करायची, नवीन माणसाला ती वाढायची नाही, पण आधी बसलेले उठेपर्यंत पत्रावळी उचलायच्या नाहीत. हे जमल्यावर मशीन पडायचं थांबलं.

काम संपलं आणि तेव्हा पुढचं लक्षात आलं. ड्रायव्हर बरोबर झाला की हेमलतावरचा आळ जाणार होता. पण त्याचबरोबर कारखान्यातले वाईट दिवस ताबडतोब आणि स्वच्छ नाहीसे होणार होते. आतापर्यंत निदान नाव तरी मागे राहत होतं.

मी तिला कारखान्याबाहेर, सुट्टी झाल्यावर गाठलं. म्हटलं, “मी हे नीट केलं तर त्यांचंच फावणार. नाही केलं तर तुझी नोकरी जाईल. काय करू?”

ती जराही थांबली नाही. “नीट करा, मॅडम. मशीन खोटं बोलतंय तोवर खोटी मीच ठरते.”

“आणि तुझी रीडिंगं?”

“रीडिंगं मी रोज घेते. उद्यापण घेणार. पाणी कुठे पळून जात नाही.”

माझ्यापेक्षा तिचं डोकं थंड होतं. नोकरी तिची जाणार होती, आणि घाम मला फुटलेला.

नवा ड्रायव्हर बसवायला गेले तेव्हा वर्तक सरही आले, कारण या वेळी श्रेय घ्यायचं होतं. प्रधान साहेबांनी स्वतः चाचणी घेतली. ऑफिसातून जाधवने फाइल काढली. लॅबमध्ये नाव दिसत राहिलं आणि काही सेकंदांनी गेलं.

“हे सेकंद कशाला?” प्रधान म्हणाले.

मी समजावलं की दर वेळी सर्व्हरला विचारलं तर मशीन मंद होतं, म्हणून काही सेकंद जुनी यादी चालवून घेतो. तो आकडा बदलता येतो.

“किती कमी करता येतो?”

“शून्य. पण मग प्रत्येक वेळी...”

“शून्य करा. निदान लॅबच्या मशीनवर. इथे एंटर दाबलं की तिथे गेलं पाहिजे. इन्स्टंट.”

“सर, मग तिकडे बसलेल्याला इकडचा प्रत्येक बदल त्या क्षणी दिसणार. सगळेच बदल.”

“मॅडम, तेच तर आम्ही इतके दिवस मागतोय!” ते वर्तक सरांकडे वळले. “तुमची माणसं आर्ग्यू फार करतात.”

सर मला म्हणाले, “शुभदा, कस्टमरला शून्य हवंय.”

मी शून्य टाकलं. हेमलताचा मेमो त्या दिवशी मागे घेतला गेला. म्हणजे कोणी माफी वगैरे मागितली नाही. जाधव येऊन म्हणाला, “ते मेमोचं आता काही नाही, असं साहेब बोलले.”

मी मुद्दाम हे सगळं जुळवून आणलं, असं पुढे बरेच जण म्हणाले. मी तेवढी हुशार नाही. मी फक्त मागितलं ते दिलं.

पुढच्या आठवड्यात मला परत बोलावणं आलं. प्रदूषण खात्याची माणसं येणार होती, आणि ऐन वेळी कॉम्प्युटर बिघडू नये म्हणून मी हजर राहायचं होतं. प्रधान साहेबांचा बेत मोठा होता. पाहुण्यांना कागद दाखवायचेच नाहीत. त्यांना थेट लॅबच्या मशीनपुढे बसवायचं. सगळं कॉम्प्युटराइज्ड, पेपरलेस. त्या दिवसांत कॉम्प्युटरवर दिसलेलं खोटं असू शकतं, हे कोणाच्या मनात येत नसे.

पाहुणे दुपारी जेवणानंतर येणार, असं ठरलेलं. प्रधान साहेबांनी जाधवला सांगून ठेवलेलं, ड्रायव्हरच्या भानगडीत काढायचे राहिलेले महिनाभराचे वाईट दिवस सकाळी काढून टाक. आणि पाहुणे सकाळीच आले. सरकारी माणूस वेळेआधी येऊ शकतो, ही शक्यता बेतात धरलेली नव्हती.

दोघे होते. एक वयस्क साहेब, आणि त्यांच्या हाताखालचा एक अधिकारी, हातात नमुने घ्यायच्या बाटल्यांची पेटी. चहा झाला, बिस्किटं झाली, आणि प्रधान साहेब त्यांना घेऊन लॅबमध्ये आले. जाधवचं काम केव्हाच उरकलं असणार, अशी त्यांची खात्री होती. सकाळी म्हणजे सकाळी पहिल्यांदा, असं त्यांना म्हणायचं होतं. जाधवच्या हिशेबाने सकाळ जेवणापर्यंत असते.

“हे बघा सर, प्रत्येक दिवसाची एक फाइल. बाई, दाखवा साहेबांना यादी.”

हेमलताने यादी मागितली. नावं भराभर वर सरकली. वयस्क साहेबांनी चष्मा नीट केला.

“फार लवकर गेलं हो. परत दाखवा. हळू.”

तिने परत मागितली, या वेळी एकेक पान. साहेब बोट लावून वाचत गेले.

“मघाशी या दोन नावांच्या मध्ये आणखी काहीतरी होतं ना?”

“नाही, नाही सर,” प्रधान म्हणाले.

“परत दाबा हो, बाई.”

परत यादी आली. आणखी आखूड. साहेबांचं बोट हवेत राहिलं. ज्या नावावर ते मघाशी टेकलेलं, ते नाव नव्हतं.

मला आधी वाटलं, माझ्या पत्रावळीच्या भानगडीत काहीतरी चुकलंय. मग उजेड पडला. ड्रायव्हर उत्तम चालला होता. तिकडे दुसऱ्या इमारतीत जाधव एकेक फाइल उघडत होता, आकडा बघत होता, आणि वाईट असली की एंटर दाबत होता. आणि इकडे त्याच क्षणी ती जात होती. इन्स्टंट.

मी प्रधान साहेबांकडे बघितलं. त्यांच्याही डोक्यात तेव्हाच उजेड पडला असावा. ते म्हणाले, “सर, जरा जेवायचं बघू या का? नंतर निवांत...”

“आत्ता चहा झालाय,” साहेब म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली. “बाई, परत.”

एंटर.

“परत.”

एंटर.

त्यांना आता मजा यायला लागली होती. हाताखालचा अधिकारीही पेटी खाली ठेवून वाकून बघायला लागला. “साहेब, ह्यांचा महिना लहान होत चाललाय,” तो म्हणाला.

प्रधान साहेब इंटरकॉमकडे निघाले.

“तुम्ही इथेच थांबा,” वयस्क साहेब मान न वळवता म्हणाले. मग हेमलताला विचारलं, “दुसऱ्या टोकाला कोण बसलंय, बाई?”

“ऑफिस, सर.”

“चला, ऑफिस बघू.”

आम्ही सगळे आवार ओलांडून ऑफिसात गेलो. सर्वांत पुढे साहेब, त्यांच्या मागे प्रधान, त्यांच्या कपाळावर भर सकाळी घाम. जाधव आमच्याकडे पाठ करून स्क्रीनला चिकटलेला. दाराचा आवाज ऐकून, मागे न बघताच तो म्हणाला, “झालंच साहेब! थोड्याच राहिल्यात. जेवणाच्या आत सगळ्या उडवतो.”

मग तो वळला.

त्याच्या चेहऱ्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. त्याची मला दयाच आली. त्याने सांगितलेलं काम, सांगितलेल्या वेळेत, मन लावून केलं होतं.

प्रधान साहेबांनी शेवटचा प्रयत्न केला. माझ्याकडे हात करून म्हणाले, “सर, सॉफ्टवेअरमध्ये प्रॉब्लेम आहे. या मॅडमच त्यासाठी आल्यात. काढलेल्या फाइली दिसतात, असलेल्या दिसत नाहीत, असं काहीतरी आहे.”

साहेबांनी मला विचारलं, “आहे का प्रॉब्लेम?”

माझ्या नोकरीचा प्रश्न होता. वर्तक सर काय म्हणतील ते मला शब्दशः ठाऊक होतं.

“होता, सर,” मी म्हटलं. “गेल्या आठवड्यात दुरुस्त केला. आता सर्व्हरवर जे आहे तेच दिसतं. या साहेबांनी स्वतः तपासून घेतलंय.”

“बरं,” साहेब म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढून हात पुसले, जणू कॉम्प्युटरला हात लावूनच ते मळले होते. “कॉम्प्युटर राहू दे. नाल्यावर चला. बाई, वाट दाखवा.”

हेमलता पुढे झाली. त्या दिवशी प्लांट बंद होता. कारण प्लांट चालू करायचा बेतही दुपारचाच होता. पाइपातून पाणी येत होतं, दाट किरमिजी. अधिकारी बाटल्या भरत असताना ती त्याला म्हणाली, “थोडं पुढे घ्या, सर. इथे काठावर पावसाचं पाणी मिसळतं.” आवाज नेहमीसारखाच. फक्त हात मागे बांधलेले नव्हते.

कारखान्याला नोटीस लागली. काही काळ उत्पादन बंद राहिलं, मग दंड भरून सुरू झालं. ईटीपीला नवी टाकी आली, आणि ती बरेचदा चालूही असायची. खाडी सुधारली वगैरे समजू नका. नाल्याच्या काठी तो काही एकटा कारखाना नव्हता. प्रधान साहेबांना कंपनीने दुसऱ्या युनिटला पाठवलं, बढतीवर. जाधवला काढलं. हेमलताला काढायची हिंमत झाली नाही, कारण खात्याच्या कागदावर आता तिचं नाव होतं. वर्षभराने ती आपण होऊनच सोडून गेली आणि कल्याणला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागली. जाधवसाठी मी वर्तक सरांकडे शब्द टाकला. सरांनी त्याला कमी पगारात घेतला. सांगितलेलं काम करणारा माणूस त्यांनाही हवाच होता.

आणि सर? पहिले दोन महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या महिन्यात त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर कारखान्याच्या नव्या मॅनेजरची तक्रार होती. लॅबच्या मशीनवर बदल अपेक्षेपेक्षा लवकर दिसतात, असं त्यात म्हटलेलं.

“त्यांना जुनं व्हर्जन परत हवंय,” सर म्हणाले.

“बग असलेलं?”

“बग नको म्हणू. स्टेबल म्हण.”

मी नाही म्हटलं. सरांनी दुसऱ्याकडून बसवून घ्यायचा प्रयत्न केला. पण जुन्या व्हर्जनची फ्लॉपी खराब निघाली. निगा राखणं हे आमच्या कंपनीचं बलस्थान कधीच नव्हतं. मग सरांनी पवित्रा बदलला. पुढच्या प्रत्येक डेमोमध्ये ते सांगू लागले, “आमचा ड्रायव्हर इतका अचूक आहे की सरकारी तपासणीतसुद्धा त्याचा उपयोग झालाय.”

यानंतर बरीच वर्षं मी हेच काम केलं. ग्राहक “ताबडतोब” म्हणाला की मी त्याला एक प्रश्न विचारत आले, की पलीकडच्या खुर्चीत कोण बसणार आहे? उत्तर ठरलेलं असतं: “त्याचा इथे काय संबंध?” मग मी वाद घालत नाही. ते सांगतील तो आकडा टाकते आणि चहा घ्यायला जाते.